पहिलं ताट

सगळ्या खाणावळींत मालक शेवटी जेवतो. हा सगळ्यांच्या आधी जेवायचा, आणि आम्ही बाहेर उन्हात उभे राहून ते बघायचो.

बरोबर साडेअकराला दार उघडायचं. उंबरठ्याच्या आत एक खुर्ची आणि एक स्टूल. स्टुलावर ताट. उकड्या तांदळाचा भात, त्या दिवशी जी मासळी आली असेल तिची कडी, एक तुकडी, सुकटाची चमचाभर किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी चटणी, आणि वाटीत सोलकढी. छातीवर क्रूसाची खूण करून तो ताटावर वाकायचा आणि आधी वास घ्यायचा. लांब, डोळे मिटून. मग जेवायला लागायचा. घाई नाही. बोयसरच्या कारखान्यांतली माणसं अर्ध्या तासाच्या सुट्टीत सायकली मारत आलेली असायची, पण त्याचा घास लवकर होत नसे. शेवटचं शीत बोटाने टिपून तो ताट उचलायचा आणि आमच्याकडे बघून म्हणायचा, "मेलो नाय. या."

मग आम्ही आत जायचो.

सगळे त्याला पात्रांव म्हणायचे. गोव्याकडे मालकाला तसं म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं. तारापूरकडच्या एका ठेकेदाराच्या मेसमध्ये आचारी म्हणून तो आला होता, ठेका संपला, ठेकेदार गेला, हा राहिला. त्या जागेवर आता मोबाइलचं दुकान आहे. मी तिथून जाताना अजूनही त्या उंबरठ्याकडे बघतो, आणि अजूनही मला त्याचा राग येतो. तो राग का, ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

मी सोलापूरकडचा. ज्वारीची भाकरी आणि मटण एवढंच माझं मांसाहाराचं ज्ञान. बोयसरला आलो तेव्हा कारखान्यात गोण्या उचलायचो. वर्षभरात ध्यानात आलं की उचलणाऱ्याला मजुरी मिळते आणि भाव ठरवणाऱ्याला नफा. मी कारखान्यांतले रिकामे ड्रम घ्यायला लागलो. निळी प्लास्टिकची पिंपं. धुवायची, वाळवायची, विकायची. गावोगाव पाण्याला तीच लागतात. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तो माझा धंदाच आहे.

पहिल्या दिवशी मी त्याच्याशीही भाव केला. मासे खायची सवय नव्हती, म्हणून म्हटलं, "पात्रांव, तुकडी नको. नुसता भात-कडी द्या. किती कमी कराल?"

"तुकडीचं कमी नाय करत," तो म्हणाला. "बाकड्याचं करतो. उभ्याने जेव."

त्याला वाटलं मी हसून बसेन. मी ताट हातात घेतलं आणि भिंतीला टेकून उभ्याने जेवलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. लोक हसायचे, मी घास मोजून गिळायचो. पाचव्या दिवशी त्याने पायानेच बाकडं माझ्याकडे सरकवलं.

"बस मरे. उभा माणूस बघून गिऱ्हाईकाला वाटतं आत जागा नाय."

"आणि भाव?"

"भाव उभ्याचाच."

त्याच्याकडून जिंकलेला माझा हा एकच सौदा.

बसायचं कुठे, हेही तो ठरवायचा, आणि ते नाकाने. दारातून आत येणाऱ्याला थांबवून हुंगायचा आणि बोट दाखवायचा. रंगाच्या कारखान्यातला, मागच्या दाराशी. कापडाच्या गिरणीतला, मध्ये. समुद्रावरचा माणूस, खिडकीशी. एकदा एक नवा सुपरवायझर चिडला. "मैं नहा के आया हूँ!" तो म्हणाला. पात्रांवने त्याला पुन्हा हुंगलं आणि म्हणाला, "साबण आजचा. वास कालचा. मागे." तो मागे जाऊन बसला. सगळेच बसायचे, कारण अख्ख्या बोयसरमध्ये तेवढ्या पैशांत तशी कडी नव्हती, आणि तिथे जेवून कोणाचं पोट बिघडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. तिथे ताट पुढ्यात आलं की कोणी वास घेत नसे. त्याने घेतला म्हणजे झालं.

मोठा मासा असला की एका ताटात डोकं यायचं. ते कोणाला, हे तोच ठरवायचा. मी एकदा मागितलं. "डोकं समजणाऱ्याला," तो म्हणाला, आणि माझ्या देखत घिवलीच्या एका तांडेलाला वाढलं. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, खलाश्यांचा पुढारी. हा तांडेल इंजिनाच्या सामानासाठी बोयसरला आला की तिथेच जेवायचा.

पात्रांवचा आणखी एक नियम होता. खाणावळीत नवी वस्तू जो आणेल, त्याने ती आधी स्वतः खायची. जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची एक कोळीण त्याला मासळी द्यायची. तिने एकदा नव्या ठिकाणाहून घेतलेलं सुकट आणलं. पात्रांवने मूठभर भाजून बशीत तिच्यापुढे ठेवलं.

"मीच खाऊ?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माजंच सुकट मीच खाऊ?"

"तू आणलंस ना? मग तू आधी."

"लग्नात सासूनं पन अशी परीक्षा घेतली नाय माजी!"

"सासूला तुझं सुकट खायचं नव्हतं. मला हाय."

तिने बशी रिकामी केली, वर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता माजं पोट भरलं, तुमचं जेवन नको." त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मी हसलो होतो. हे लक्षात ठेवायला हवं होतं.

घिवलीच्या त्या तांडेलाला चाळीस पिंपं हवी होती, त्याच्या आणि भावकीच्या होड्यांसाठी. होडी समुद्रात गेली की खलाश्यांचं पिण्याचं पाणी असल्या पिंपांत नेतात. माझ्या आयुष्यातला तोवरचा सगळ्यात मोठा सौदा. मी जवळचं सगळं घालून एक लॉट उचलला. देणाऱ्याने सांगितलं, साखरेच्या पाकाचे ड्रम आहेत. मी सोडा घालून धुतले, चुना फिरवला, चार दिवस उन्हात ठेवले. वास आला नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. काही पिंपांवर लेबल खरवडल्याच्या खुणा होत्या. पाकाच्या ड्रमचं लेबल कोण कशाला खरवडेल? मी हा प्रश्न देणाऱ्याला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं.

त्याच आठवड्यात पात्रांवची सिमेंटची टाकी तडकली. मी लगेच एक पिंप नेऊन त्याच्या मोरीशी ठेवलं. "पैसे नकोत, पात्रांव. आपलं घर आहे." हिशोब सरळ होता. त्या खाणावळीत माझं पिंप दिसलं की तांडेलाला दुसरी खात्री लागणार नव्हती. पात्रांवने संध्याकाळी ते भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांडेल माझ्यासमोर बसला होता. भाव जवळजवळ जुळला होता. खाणावळ भरलेली. माझा हात भातात. पात्रांव मोरीकडून आला, त्याच्या हातात पितळेचा पेला होता, आणि त्याने तो माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"पी," तो म्हणाला.

मी पेल्याकडे बघितलं. पाणी स्वच्छ होतं.

"मी जेवताना पाणी पीत नाही."

"आज पी. तू आणलंस. तू आधी."

नवापूरची कोळीण टोपली डोक्यावरून उतरवता उतरवता तशीच उभी राहिली. मी हसायचा प्रयत्न केला. "पात्रांव, पिंपाची पण परीक्षा?"

तो हसला नाही. तांडेलाने घास ताटात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "शेट, घ्या की एक घोट. आमची पोरं आठ-आठ दिस ह्येच पिनार हायेत."

मी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. तिथे, अगदी ओठांशी, मला पहिल्यांदा तो वास आला. फार थोडा. गोडसर, ओल्या रंगासारखा. की आला नाही, नुसती ती खरवडलेली लेबलं आठवली, हे मला आजही सांगता येत नाही. सगळे बघत होते. एक घोट घेतला असता तर चाळीस पिंपं विकली गेली असती, पैसे आले असते, आणि एका घोटाने मी काही मेलो नसतो. पण मी पेला खाली ठेवला.

मग मला राग आला. मी उठलो, मोरीशी गेलो आणि पिंपाला लाथ मारली. सगळं पाणी बाकड्यांखालून वाहत दारापर्यंत गेलं.

"पाय वर घ्या," पात्रांव गिऱ्हाइकांना म्हणाला, जणू दुसरं काही घडलंच नव्हतं. फडकं घेऊन तो खाली बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताट टाकू नको. जेव."

मी ताट टाकून निघून गेलो.

तांडेलाने सौदा मोडला. घिवलीपासून मुरब्यापर्यंत किनाऱ्यावरच्या एकाही माणसाने दोन वर्षं माझ्याकडून पिंप घेतलं नाही. सगळा लॉट मी दळायला दिला, प्लास्टिकच्या भावाने. ड्रम वाहायला घेतलेला टेम्पो विकला आणि पुन्हा सुरुवातीसारखी हातगाडी ओढायला लागलो. चूक माझी होती, हे मी तेव्हाही मनात कबूल केलं होतं. पण माणूस माणसाला बाजूला बोलावतो. कानात सांगतो, "बाबा, हे पिंप बरं नाही." मी मुकाट्याने उचलून नेलं असतं. भरल्या पंगतीत, हात भातात असताना, ज्याच्याशी सौदा चाललाय त्याच्या तोंडावर?

आठ महिने मी तिथे गेलो नाही. मग गेलो, कारण दुसरीकडचं जेवण घशाखाली उतरत नव्हतं. त्याने मला दारात हुंगलं आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं, केमिकलवाल्यांच्या जागी. मी तिथे बसलो. पुढे बरीच वर्षं तिथेच बसलो.

एकदाच मी विषय काढला. गिऱ्हाईक निघून गेलं होतं, तो नारळाच्या करवंट्या गोळा करत होता.

"मला बाजूला बोलावून सांगता आलं असतं, पात्रांव."

तो करवंट्या गोळा करत राहिला. "बाजूला बोलावलं असतं तर तू भाव केला असतास."

हे खरं होतं. त्यामुळे राग कमी झाला असं मात्र कोणी समजू नये.

त्या घटनेनंतर मी एक गोष्ट शिकलो, नाक वापरायला. प्रत्येक पिंपात डोकं घालून हुंगायचं. अ‍ॅसिड, अमोनिया, फिनेल, रंग, सगळं वेगळं ओळखू यायला लागलं. धंदा पुन्हा उभा राहिला. पाण्याची पिंपं मी वेगळी ठेवतो आणि गिऱ्हाइकासमोर त्यातलं पाणी आधी मी पितो. किनाऱ्यावरची माणसं हळूहळू परत आली. घिवलीचा तांडेलसुद्धा आला. पण तो आजही पेला रिकामा होईपर्यंत माझ्या गळ्याकडे बघतो.

मग तो तापाचा काळ आला. सगळं बंद झालं, खाणावळही. पात्रांव स्वतः तापात पडला होता. दार उघडलं तेव्हा तो अर्धा झाला होता. पण साडेअकराची खुर्ची तीच, स्टूल तेच. छातीवर क्रूस, लांब श्वास, "मेलो नाय. या."

मला काहीतरी खटकत होतं. कारखान्यांच्या वसाहतीकडून वारा आला की तो पूर्वी नाक मुरडून सांगायचा, आज कुठला नाला फुगलाय. आता वारा आला तरी मान वर करत नव्हता. एकदा रंगाच्या कारखान्यातल्या माणसाला त्याने खिडकीशी बसवलं. तो माणूस इतका खूश झाला की त्याने दोनदा भात घेतला. मी मागच्या दाराशी बसून बघत होतो आणि गप्प होतो. भाव करणारा माणूस समोरच्याची कमजोरी दिसली की लगेच बोलत नाही. जपून ठेवतो.

एके दिवशी मोरीचं आंबट-तीक होतं, म्हणजे आंबट-तिखट कालवण. गोव्याची मोरी म्हणजे इकडची मुशी, लहान शार्क. कोळीण आजारी होती, मासळी त्याने स्वतः बाजारातून बर्फाच्या गाडीवरून आणली होती. साडेअकराला तो जेवला. सगळं ताट जेवला. "मेलो नाय. या." आम्ही आत गेलो, ताटं वाढली गेली, माझ्यासमोर ताट आलं आणि मला अमोनियाचा वास आला.

शिळ्या मुशीला तोच वास येतो. आमसुलं आणि तिखट भरपूर होतं, पण त्याखालून तो सरळ माझ्या नाकात शिरला. मी वर बघितलं. वीसेक माणसं भात कालवत होती. कोणी वास घेत नव्हतं. खिडकीशी घिवलीचा तांडेल, त्याचा हात भातात.

मला फक्त उठून एक वाक्य बोलायचं होतं. पात्रांव, आधी तुम्ही जेवलात ना? सांगा, कसला वास आला? भरल्या पंगतीत, त्याच माणसासमोर. असा सौदा जन्मात एकदा समोर येतो.

मी उठलो. मोठ्याने म्हणालो, "थांबा, कोणी घास घेऊ नका. मीठ राहिलंय." आणि आत गेलो.

तो चुलीशी उभा होता. मी त्याच्या कानाशी वाकलो. "पात्रांव, मुशीला अमोनिया येतोय."

त्याने पळी भरून नाकाशी धरली. फार वेळ धरली. मग खाली ठेवली.

"कधीपासून येत नाही वास?" मी विचारलं.

"तापापासून."

"ऐका माझं. भांडं कलंडलं म्हणून सांगा. मी ताटं उचलतो, पाच मिनिटांत माणसं बाहेर काढतो. कोणाला कळणार नाही. मी बोलणार नाही."

मी त्याच्यासाठी असं काही करीन, हे मला सकाळी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकललं असतं. मनात मात्र हेही होतं, खोटं कशाला बोलू, की बघ, बाजूला बोलावून असं सांगतात.

पात्रांवने माझ्याकडे बघितलं. मग त्याने ते भलंमोठं भांडं दोन्ही हातांनी उचललं, बाहेर नेलं आणि मधल्या बाकड्यावर ठेवलं.

"जेवू नका," तो म्हणाला. "मोरी नासली हाय. मी जेवलो, पण माझ्या नाकाला वास येत नाय. ताप आला तेव्हापासून. ह्या ड्रमवाल्याला आला."

मग तांडेलाने बोटांवरचा भात झटकला.

"मंग इतके दिस?" तो म्हणाला. "इतके दिस तुमी रोज दारात बसून काय हुंगत व्हता?"

"सवय," पात्रांव म्हणाला. "इतके दिवस तुम्ही नशिबावर जेवलात."

एक माणूस शिवी देऊन उठला. दोघं त्याच्यामागे गेले. तांडेल जागचा उठला नाही. पात्रांव एकेक ताट उचलत होता. रागाने माझे कान तापले होते. माझा अपमान त्याने चारचौघांत केला, ते एक. पण मी त्याचा झाकायला गेलो, तर तेही त्याने करू दिलं नाही. उपकार करायची एक संधी आली होती, तीही त्याने स्वतःच्या हाताने बाकड्यावर आणून आपटली.

मी निघालो, तर त्याने दारात अडवलं.

"उद्या साडेअकराला ये. पहिलं ताट तुझं."

"मला काय मिळेल?" मी विचारलं.

"जेवण."

"ते मी पैसे देऊनही जेवतो. डोकं हवं."

"मासा मोठा असला तर."

"आणि खिडकीची जागा."

"ती नाय. तुझ्या अंगाला वास हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला आठवतो," पात्रांव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी दारातल्या खुर्चीवर बसलो. बाहेर नेहमीपेक्षा कमी माणसं होती, पण होती. तांडेल होता. पात्रांवने ताट स्टुलावर ठेवलं आणि तो बाहेर जाऊन त्यांच्यात उभा राहिला, उन्हात, काळी छत्री उघडून. आता तोही बघत होता.

तांबोशी होती, मोठा तांबूस मासा. ताटात डोकं होतं, अख्खं, डोळे माझ्याकडे लावून. मी वाकलो आणि लांब श्वास घेतला. खोबरं, धणे, तिरफळ, समुद्र. दुसरं काही नाही. पुन्हा घेतला. मग हात पुढे केला, आणि लक्षात आलं की डोकं कुठून खायचं ते मला माहीत नाही. इतकी वर्षं हवं होतं, कधी खाल्लंच नव्हतं.

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. पात्रांवने छत्रीखालून, कोणाला दिसू नये असा, स्वतःच्या गालावर अंगठा टेकवला. आधी गाल काढ, असं तो सांगत होता.

मी डोळ्यापासून सुरुवात केली.